आप्पांच्या बोटांची ऊब

देवकाते आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दवाखान्याच्या आवारात, नुकत्याच बंद केलेल्या मोटारसायकलशेजारी उकिडवे बसून सायलेन्सरला हात शेकत होते. मला वाटलं, गाडी बिघडली. मी त्याच दिवशी रुजू झालेले, डॉक्टर असल्याचा ताठा अंगात नको तेवढा. म्हटलं, गाडीचं नंतर बघा, आधी हजेरीवर सही करा. त्यांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय मॅडम. बोटं बंद पडल्यात. पाच मिंटं द्या, सही करतो."

मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही हातांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी होती आणि तिथून पुढे रेघ मारल्यासारखी एकदम सावळी कातडी सुरू होत होती. पेन धरता येईना म्हणून सही पाच नाही, पंधरा मिनिटांनी झाली. मी शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, थंडी मला काही नवीन नव्हती. पण असली बोटं मी आधी कधी पाहिली नव्हती.

आमचा जनावरांचा दवाखाना वरवंडच्या एका कडेला होता, सोलापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. नव्वदचं दशक सरत आलेलं होतं. घरोघरी संकरित गाई आलेल्या, दुधावर घरं चालायला लागलेली. आप्पा आमचे पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे गाय माजावर आली की तिला कांडी भरणं, म्हणजेच कृत्रिम रेतन, हे त्यांचं मुख्य काम. लोक त्यांना 'डॉक्टर आप्पा' म्हणत आणि मला 'नवीन बाई'. पदवी माझ्याकडे, पण डॉक्टर ते! सुरुवातीला मला या गोष्टीचा फार राग यायचा. पुढे पुढे मीच त्यांना विचारून औषधं लिहायला लागले, तेव्हा राग कुठे गेला कळलं नाही.

गाईचा माज काही सरकारी वेळेत येत नाही. संध्याकाळी गाय हंबरायला लागली की सकाळी कांडी भरायला हवी, उशीर झाला तर एकवीस दिवस थांबा. म्हणून आप्पा सकाळी सहालाच निघत. वरवंड, चौफुला, यवत आणि पुढे कासुर्डीपर्यंत. एका माणसाची बदली झालेली, दुसरा आलाच नाही, त्याचीही गावं आप्पांच्याच गळ्यात पडली होती. मोटारसायकलच्या मागे गोणपाटात गुंडाळलेला नायट्रोजनचा कॅन. त्यात त्या कांड्या, शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे अंशांवर गोठवलेल्या. आप्पा म्हणायचे, मागं एवढा गारठा बांधल्यावर पुढं ऊब कुठनं राहणार.

ते मूळचे कवठे येमाईचे, धनगरांपैकी. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने भटकायचे. आप्पा शिकले, नोकरीला लागले, पण जनावराशी बोलण्याची घरची रीत सुटली नाही. गाईला हात घालण्याआधी ते तिच्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "बाई, माफी असावी." मग डोळे मिटत. तोंड थोडं वर, हात कोपरापर्यंत आत, आणि गोठ्यात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा सरपंच बोलत होते तर त्यांनाही त्यांनी हातानंच गप्प केलं. कुणी निकाल विचारलाच तर उत्तर ठरलेलं, "थांबा, बोटांना इचारतो." आणि एक विचित्र नेम होता. ज्या घरच्या गाईला हात लावला, त्या घरचं दूध त्या दिवशी घ्यायचं नाही. म्हणून चहा कायम कोरा. का म्हणून विचारलं तर सांगत नसत.

गोठ्यात पोचल्यावर ते दोन तांबे कोमट पाणी मागायचे. एक गोठलेली कांडी वितळवायला आणि एक स्वतःची बोटं वितळवायला. बायका हसायच्या. आप्पाही हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू. त्या दुसऱ्या तांब्यावर किती अवलंबून आहे, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या जानेवारीत एक दिवस आप्पा सायलेन्सरपाशी न बसता सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात. म्हणाले, "मॅडम, माझ्या हातनं पाप झालं."

झालं होतं ते असं. कासुर्डीच्या सरूबाईंची चांदणी नावाची गाय. सरूबाई एकट्या बाई, दोन गाई, त्यांतली ही दुधाची. गाय माजावर आल्यासारखी करतेय असा निरोप आला म्हणून आप्पा पहाटेच्या वाऱ्यातून तिथवर गेले. चूल पेटलेली नव्हती, थर्मासमध्ये होतं तेवढं पाणी कांडीपुरतंच. पुढे अजून तीन गावं करायची होती. आप्पांनी दुसऱ्या तांब्याची वाट पाहिली नाही. हात आत घातला, पण बोटांना काही म्हणजे काही कळेना. सवयीनं कांडी भरली आणि निघाले. चांदणी आधीच अडीच महिन्यांची गाभण होती. गाभण गाय क्वचित माजासारखं करते, ते ओळखायचं तेच तर बोटांचं काम. गाभण गाईला कांडी भरली की गर्भाच्या पिशवीचं तोंड उघडतं. आठवड्यानं चांदणी गाभडली.

मला जे तोंडाला आलं ते मी बोलले. माझा स्वभावच तसा, आधी फटकळपणा आणि मग विचार. एवढ्या वर्षांचा माणूस आणि ही चूक? आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग कळलं की ते आधी सरूबाईंकडे जाऊन चूक कबूल करूनच माझ्याकडे आले होते. सरूबाई तोवर दृष्ट लागली असं समजून बसल्या होत्या. मी म्हटलं, आप्पा, त्यांना कळलंसुद्धा नसतं. ते म्हणाले, "मला कळलं हुतं न्हवं."



मी त्यांना दौंडला माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, पंचवीस वर्षं मोटारसायकलच्या हँडलचा थरकाप आणि थंडी, दोन्हींनी मिळून बोटांच्या नसा आकसायला लागल्यात. गोळीनं फारसा फरक पडणार नाही. हात कायम उबेत ठेवा, नाही तर गाडी सोडा. ही बातमी तालुक्याच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी सरळ मार्ग काढला की देवकात्यांना दौंडच्या ऑफिसात रजिस्टरवर बसवू, निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत, आरामात जातील. फक्त माझं पत्र हवं होतं, की हा माणूस फिरतीच्या कामाला अपात्र आहे.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरचं रजिस्टर पुढे ओढून त्यावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "रजिस्टरला हात लावून गाभण हाय का न्हाई कळत न्हाई, मॅडम." एवढंच. विनवणी केली नाही. केली असती तर कदाचित मी पत्र लगेच पाठवलं असतं, मला विनवण्यांचा कंटाळा येतो. मी साहेबांकडून एक हिवाळा मागून घेतला. पत्र लिहिलं, तारखेची जागा रिकामी ठेवली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. आप्पांना तेही दाखवलं. पुढच्या हिवाळ्यात बोटं एकदा जरी चुकली तर तारीख घालून पाठवणार, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं आणि शब्द बरोबर हाय म्हणाले.

त्या उन्हाळ्यापासून आप्पांच्या डोक्यात उबेशिवाय दुसरं काही नव्हतं. लोक घामानं निथळत असताना हा माणूस ऊब शोधत हिंडतोय! चौफुल्यावर विहिरीच्या मोटारी भरून देणाऱ्या रिवायंडिंगवाल्याकडे त्यांची ऊठबस होती. घरातल्या बंद पडलेल्या शेगडीची कॉइल त्यांनी काढली, सरळ केली आणि तिचे तुकडे मोटारसायकलच्या बॅटरीला लावून लावून पाहिले. लांब तुकडा नुसता कोमट होतो, आखूड लाल होतो, हे शिकायला त्यांना दोन महिने आणि तीन फ्यूज लागले. मग रिवायंडिंगमध्ये तारेवर चढवतात ती पिवळी स्लीव्ह त्यांनी कॉइलवर चढवली. आता प्रश्न राहिला, हे शिवायचं कशात.

हातमोज्यांचा प्रश्न माझ्या आईनं सोडवला. मिशन कंपाउंडमधल्या बायकांचे हात विणकामात बसलेले. मी सुट्टीला शिरूरला गेले आणि दुहेरी मोजे विणून दे म्हटलं, मध्ये तार जाईल असे. आई म्हणाली, कुणाला आकडेबिकडे टाकायचेत का? सगळं सांगितल्यावर मात्र तिनं आठ दिवसांत विणून दिले आणि वर आप्पांसाठी कानटोपीही दिली.

पण नुसती बोटं शेकून भागेना. छाती गार पडली की बोटांचं रक्त आत पळतं, हे दौंडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून अंगातही ऊब हवी. आप्पा दिवाळीला कवठ्याला गेले ते वडिलांची घोंगडी घेऊन आले. काळी, जाड, माणसाएवढ्या वयाची. तिचा अंगरखा बेतायचा होता. इथे त्यांच्या मंडळींनी, अक्कांनी, कात्री लपवली. या घोंगडीवर घरातली लग्नं लागलेली, जागरणात तीच अंथरलेली, भांडणाचा निवाडा करायला पंच तिच्यावरच बसलेले. तिला कात्री लावायची नाही. आप्पांनी अक्कांना विज्ञान समजावलं. अक्का म्हणाल्या, इज्ञान चटईत शिवा.

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तोड अक्कांनीच काढली. सासरे पावसाथंडीत घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेत, तशीच घडी घालायची, आणि दाभणानं घोंगडीच्या उभ्या धाग्यांमधून तार ओवायची. कापायचं काही नाही, नुसतं ओवायचं. तार कधीही ओढून काढली की घोंगडी होती तशी. अक्कांनी ती चार संध्याकाळी बसून ओवली. मी बघायला गेले होते. एक धागा उसवलेला नव्हता. आप्पा मला हळूच म्हणाले, माझ्या डोस्क्यात हे आलं नसतं. मग मोठ्यानं, अक्कांना ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणाले.

पहिली सफर यवतपर्यंत झाली. घोंगडीतून निघणारी तार सीटखाली बॅटरीला जोडलेली होती. यवतला कुणी हाक मारली म्हणून आप्पा कॅन उचलून गडबडीनं निघाले, तार काढायला विसरले, आणि दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखे दोन पावलांवर हिसका बसून मागे आले. गाडी आडवी, आप्पा तिच्यावर आडवे, आणि हातात कॅन सुखरूप. दुसऱ्या दिवशी ऊब जास्त झाली आणि केस जळाल्याचा वास सुटला. म्हणजे ऊब कमी-जास्त करायची सोय हवी. हँडलवर बटण बसवलं तर हँडल वळून वळून तिथली वायर महिन्यात तुटायची. कमरेला बसवलं तर खोळीखाली हात घालायला गाडी थांबवायला लागायची. आप्पा आठवडाभर चौफुल्याला खेपा घालत राहिले.

तेव्हा चौफुल्यावर जीपगाड्या सजवून देणारं एक दुकान नवीन निघालं होतं. सीट कव्हर, रंगीत दिवे आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे रिमोटनं लागणारं कुलूप. बटण दाबलं की दारं खट् करून बंद, दुसरं दाबलं की खट् करून उघडी. आप्पांनी ते कुलपाचं पाकीट विकत घेतलं. रिमोट सायकलच्या ट्यूबच्या रबरानं डाव्या मुठीशी बांधला. त्याचा डबा सीटखाली. वायर नाही, तुटायचं काही नाही. आत जिथं दाराच्या मोटारी जोडायच्या तिथं रिवायंडिंगवाल्यानं कॉइल जोडून दिल्या. बंदचं बटण दाबलं की ऊब मंद, उघडायचं दाबलं की कडक. कडक केलं की हेडलाइट मंद व्हायचा, म्हणून उजाडेपर्यंत आप्पा मंदवर राहत आणि समोरचं दिसायला लागलं की कडक करत.

मी थट्टा केली. म्हटलं, आप्पा, परदेशी लोक हजारो रुपयांची असली जाकिटं घालतात म्हणे, तुम्ही शेगडी अंगावर घेऊन निघालात. पण पहिल्या कडाक्याच्या सकाळी ते पंचवीस किलोमीटर करून आले आणि आल्याबरोबर हजेरीवर सही केली, तेव्हा मी त्यांची बोटं हातात घेऊन पाहिली. तांबूस होती आणि गरम होती. मला रडू आलं. मी सर्दी झाल्याचं सांगितलं.

आता बाळूचं सांगायला हवं. बाळू म्हणजे आमच्या दवाखान्याजवळच्या स्टँडवरचा वडापवाला, त्याची बंद दारांची जीप चौफुला-यवत माणसं वाहायची. त्यानंही त्याच दुकानातून तेच कुलूप बसवलं होतं आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! चहा प्यायला उतरला तरी दहा पावलांवरून वळून बटण दाबायचा. पण त्या डिसेंबरात त्याची जीप बिघडली. रोज सकाळी सहाच्या सुमाराला, कुणी हात न लावता, दारं आपोआप खट् करून लागायची. आत माणसं, दारं बंद. एक म्हातारी घाबरून उतरून गेली ती त्या जीपमध्ये पुन्हा बसेना. बाळूनं दोनदा दुकानदाराशी भांडण केलं, मग लिंबू-मिरची बांधली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून जीपची जागा बदलली.

इकडे आप्पांची वेगळीच तक्रार. दवाखान्यासमोर गाडी सुरू ठेवून ते कॅन बांधत असले की घोंगडी मध्येच कडक व्हायची, मध्येच मंद. ते म्हणायचे, रिवायंडिंगवाल्याचं कायतरी चुकलं.

एका सकाळी मी यवतला जायला बाळूच्या जीपमध्ये पुढे बसले होते. समोरून घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेले आप्पा गेले, त्यांचा अंगठा हलला आणि जीपची सगळी दारं एकदम लागली. मी ओरडलेच, "बाळू, ते तुझं भूत गेलं बघ!" दोन्ही पाकिटं एकाच खोक्यातली, दोघांच्या रिमोटची खूण एकच. आप्पा मंद करायचे तेव्हा बाळूची माणसं कोंडली जायची आणि बाळू शायनिंग मारायचा तेव्हा आप्पा भाजायचे.

दुकानदार म्हणाला, रिमोटच्या आत सोल्डरचा एक डाग दिला की एकाची खूण बदलेल, पाच मिनिटांचं काम आहे. आप्पा तयार होते. बाळूनं मात्र डोकं खाजवलं आणि म्हणाला की राहू द्या. आप्पा रोज कधी जातात याची स्टँडवरची चार माणसं वाट बघत असतात, कुणाची गाय, कुणाची म्हैस. दारं लागली की आपोआप कळतंय, डॉक्टर निघाले. फक्त आप्पांना मध्येच भाजायला नको, म्हणून हिवाळाभर बाळूनं बटण दाबायचं सोडलं. जीप किल्लीनं लावायची. ज्या पोराला दिवसातनं पन्नास वेळा ते बटण दाबल्याशिवाय चैन पडायचं नाही, त्यानं ते चार महिने खिशात ठेवलं. मला ही गोष्ट आजही मोठी वाटते.

आणि मग नाताळाच्या आदल्या दिवशी कासुर्डीहून फोन आला. मी शिरूरला निघायच्या तयारीत, पिशवी खांद्यावर. फोनवर सरूबाई. चांदणी पुन्हा माजावर आली होती, रात्रीपासून हंबरत होती. आप्पा सकाळी आले, हात घातला आणि म्हणाले, गाभण आहे, कांडी भरणार नाही. सरूबाईंचा आवाज चढलेला होता. मागल्या वर्षी गाभण होती तर भरली, आता माजावर आहे तर भरत नाहीत. "मोठ्या बाई, तुमी या. आप्पांच्या बोटांचा भरवसा न्हाई ऱ्हायला."

ड्रॉवरमधलं पत्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. आप्पा चुकले असतील तर सरूबाईंचे एकवीस दिवस जाणार आणि आप्पांचं सगळंच. आप्पांनी सप्टेंबरात भरलेली कांडी ठरली असेल तर गाय तीन महिन्यांची गाभण असायला हवी. पण मग ती हंबरत का होती?

बाळूनं जीप काढली. शिरूर राहिलं बाजूला. कासुर्डीला पोचले तर सरूबाईंच्या अंगणात आप्पांची मोटारसायकल सुरूच होती. तिच्याशेजारी दगडावर आप्पा बसलेले, अंगात घोंगडी, हातात मोजे, तार बॅटरीला. पळून गेले नव्हते, वादही घालत नव्हते. म्हणाले, "तुमी न्हाई म्हणालात तर परत इचारीन म्हणून बोटं गरम ठेवल्यात."

मी हात धुतले, मोजा चढवला. माझी बोटं गरम होती, जीपमध्ये दहा माणसांत दाटून आले होते. चांदणीच्या पाठीवर थाप मारली आणि कसं कोण जाणे, "बाई, माफी असावी" हे माझ्या तोंडून गेलं. मग मी डोळे मिटले. गोठ्यात कुणी बोललं नाही. पिशवीच्या एका बाजूला ती फुगवटी लागली, गच्च, आत पाणी हलणारी. मी घाई केली नाही. पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. तीन महिन्यांचं वासरू होतं.

मी हात बाहेर काढला आणि म्हटलं, आप्पांची बोटं बरोबर आहेत. सरूबाई वळून आत गेल्या. मला वाटलं, राग आला. त्या बाहेर आल्या त्या वाफाळत्या पाण्याचा तांब्या घेऊन आणि तो त्यांनी आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांना त्या दिवशी त्याची काही गरज नव्हती. तरी त्यांनी मोजे काढले, तारा बाजूला केल्या आणि दोन्ही हात त्या पाण्यात घातले. घालून बसूनच राहिले. मग कोरा चहा आला, न सांगता. मागच्या जानेवारीपासून आप्पांनी त्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा सरूबाईंकडून कळलं.

दवाखान्यात परतल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि पत्र फाडलं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, शब्द चांगले हुते. मला फार आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. त्यांना म्हटलं, उद्या नाताळ आहे, आईला तुमच्या मोज्यांची हकीकत सांगणार आहे, काय सांगू? ते म्हणाले, सांगा, उजव्या अंगठ्याला जरा सैल हाय.

जूनमध्ये चांदणीला कालवड झाली. सरूबाईंनी स्वतः यवतपर्यंत येऊन बाळूच्या जीपमध्ये खरवसाचा डबा ठेवला, दवाखान्यासाठी. आप्पा त्याच सकाळी चांदणीला तपासून आले होते, तरी त्यांनी त्यातली एक वडी हातात घेतली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि खाल्ली. त्यांचा दुधाचा नेम मी एवढा एकदाच मोडलेला पाहिला. मी दुसरी वडी त्यांच्या हातावर ठेवली.

उरलेली वर्षं आप्पांनी गाडीवरच काढली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली. आप्पा शाल खांद्यावर घेऊन म्हणाले की हिच्यात तार ओवता येणार न्हाई, लई पातळ हाय. साहेबसुद्धा हसले. अक्कांनी ठरल्याप्रमाणे घोंगडीतली तार ओढून काढली असेल आणि ती कवठ्याला परत गेली असेल, असं मी धरून चालले. माझीही नंतर शिरूरला बदली झाली.

तीन-चार वर्षांनी डिसेंबरात एका शिबिरासाठी मी वरवंडला आले होते. तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते. सकाळी स्टँडवर बाळूच्या जीपमध्ये बसले. बाळूला आता पोट सुटलेलं, जीप मात्र तीच. थंडी मरणाची होती. मी हात काखेत घालून बसले होते, बाळू मागच्या माणसांना सरकून बसायला सांगत होता, आणि एकदम चारी दारं खट् करून लागली.

बाळूनं मागे वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला आणि म्हणाला, "आप्पा गेलं."

मी काच खाली केली. जुनी मोटारसायकल चौफुल्याच्या दिशेनं चालली होती. मागे कॅन नव्हता. पाठीवर काळी घोंगडी होती. मी विचारलं, आता कुठं निघाले? बाळू म्हणाला की कांडी भरत नाहीत आता, ते काम नवीन पोरं करतात. पण गाय गाभण आहे का नाही याची शंका आली की लोक मोबाइलवरनं आप्पांनाच बोलावतात. आज कासुर्डीला बोलावणं आहे, सरूबाईंच्या कालवडीसाठी. चांदणीची ती कालवड आता गाय झाली होती.

मी हाक मारणार होते, पण एवढ्या वाऱ्यात त्यांना ऐकू गेली नसती. पूर्वेकडे नुकतं तांबडं फुटत होतं. रस्ता दिसायला लागला होता, आणि पुन्हा खट् करून सगळी दारं उघडली. आप्पांनी ऊब कडक केली होती.